'तो' म्हणजे कोण

८ ऑगस्ट
बर्च फाट्यावरचा कॅम्प

क्लेम,

अक्षर ओळखलंस ना? ओळखलंस म्हणून लगेच चुलीत घालू नकोस. माझं पत्र म्हणून वाचायचं नसेल तर आईचं म्हणून वाच. तिला लिहिता येत नाही आणि ती सांगणारही नाही, म्हणून मी लिहितेय.

तुझी आणि माझ्या नवऱ्याची ती मूस हरणाची भानगड झाली, तेव्हापासून आपल्यात शब्द नाही. बंद हंगामात त्याने मूस मारला, हे कुणी नाकारत नाही. पण तू अभयारण्याचा नवा कोरा गणवेश घालून, धक्क्यावर अख्ख्या केलात्ना गावासमोर त्याची बंदूक आणि होडी जप्त केलीस, आणि त्याच्या आदल्याच रविवारी त्याच मूसचं कालवण आमच्या टेबलावर बसून दोनदा वाढून घेतलं होतंस. असो. मी ते उकरायला बसलेली नाही. त्याचं नावसुद्धा या पत्रात काढत नाही, म्हणजे तुझा राग चढायला नको.

कारण वेगळं आहे. आई नदीवरचा हा मासेमारीचा कॅम्प सोडायला तयार नाही. गावातली बाकीची कुटुंबं मासे भरून परत गेली. आम्ही दोघीच उरलोय. म्हणते, अर्धे मासे अजून ओले आहेत, टाकून कशी येऊ. पाय सुजलेत, उतारावरून पाणी आणताना धाप लागते, आणि मी घागर हातातून घेतली की माझ्यावरच डाफरते.

आणि तो परत आलाय. नाव लिहीत नाही, तुला कळेल. मागल्या साली बर्फ पडेपर्यंत असाच इथे घुटमळत होता. सकाळी मी उठते तर मासे धुरावर वाळवायच्या खोपटामागे बसलेला. आईच्या माशांवर डोळा. चांगला गरगरीत झालाय. परवा खोपटाची फळी काढून आतले मासे खाल्ले, काल दाराला धक्का देऊन बघितला. आईला सांगितलं तर म्हणते, असू दे, त्यालाही पोट आहे. माझे मात्र रात्रभर कान दाराशी असतात, दिवसा हात कामाला लागत नाहीत. चाकू कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि तो हातातच असतो.

तुझ्याकडे सरकारी होडी आहे, बंदूक आहे, आणि आई तुझं ऐकेल. माझं ऐकत नाही. ये आणि तिला घेऊन जा. तुझ्याशी बोलायची सक्ती मी कुणावर करणार नाही.

वेल्मा


१९ ऑगस्ट
कॅम्प

क्लेमंट,

कपाळावर हात मारून घेतला मी. अभयारण्याच्या ठाण्यात बसून तुझ्या डोक्यात काय भरलंय, बदकांची पिसं?

काल संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. रेडिओवर निरोपांचा कार्यक्रम लागला होता. अख्ख्या नदीवर त्या वेळी कुणी चमचा वाजवत नाही, हे तुला माहीत आहे. कुणाच्या तरी मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा झाल्या, कुणाच्या तरी इंजिनाचा भाग विमानाने येतोय ते झालं, आणि मग तो निवेदक आपल्या गोड आवाजात वाचतो, "बर्च फाट्यावरच्या लेस्टरला. माझ्या आईच्या कॅम्पपासून लांब राहा. तिच्या माशांना हात लावलास, दाराला धक्का दिलास, तर मी स्वतः येऊन तुला उचलून नेईन. क्लेमंट."

आधी आईला हसू फुटलं. तिला लगेच उमगलं होतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, "माझा लेक जावयालाच तो समजला" म्हणाली. मग तिने लेस्टरच्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे पुसले.

अरे दीडशहाण्या, मी बाई आहे. आपल्यात बायका त्याचं नाव घेत नाहीत, आजी घेत नव्हती, आई घेत नाही. इतकी वर्षं परक्यांत राहून तेवढंही विसरलास? डोंगरावरून उतरतो तो. पाठीवर उंचवटा असलेला, लांब नखांचा, थंडीभर बिळात झोपणारा. तुमच्या ठाण्याबाहेरच्या पाटीवर ज्याचं चित्र काढलंय तो. कळलं का आता? की अजून खूण सांगू?

आणि लेस्टर. तुझा समज असा की उन्हाळ्यात आगी विझवायला गेलेला माणूस ऑगस्टमध्ये परत येतो, तर 'परत आलाय' म्हणजे तोच. हो, आला ना. माझं पत्र गेलं त्यानंतर आला, जळक्या बुटांनी, धड न झोपता, कारण कुणीतरी त्याला सांगितलं की म्हातारीच्या कॅम्पवर तो फिरतोय. आल्यापासून बाबांची जुनी बंदूक मांडीवर घेऊन खोपटाशी बसत होता. तो बसलेला असला की मला डोळा लागायचा.

निरोप संपल्यावर त्याने ताट बाजूला केलं. उठला, बंदूक खुंटीला अडकवली. आईला म्हणाला, "म्हातारे, मी तुझे मासे चोरून खाल्ले का?"

आई म्हणाली, "मी वाढले तेवढेच खाल्लेस. बस खाली."

पण तो बसला नाही. मी दारात आडवी उभी राहिले, तुझा भाऊ खुळा आहे, त्याचं काय मनावर घेतोस, म्हटलं. म्हणाला, खुळा असेल, पण सगळ्या नदीने ऐकलं. रूबी गावात ऐकलं, गलीनात ऐकलं, त्याच्या आगीच्या टोळीतल्या पोरांनी ऐकलं. उद्या जो तो विचारणार, काय लेस्टर, सासूचे मासे कसे होते. बंदूक तरी ने म्हटलं, तर म्हणे ती तुझ्या बापाची आहे, तुझा भाऊ पुन्हा जप्त करायला येईल. आणि छोटी नाव घेऊन गेला.

आता इथे एक म्हातारी, एक मी आणि खुंटीवर एक बंदूक. डोंगरावरून येणाऱ्या त्याच्यावर बंदूक रोखणं बाईचं काम नाही हे तुला नव्याने सांगायची वेळ आली.

दोन गोष्टी कर. ये. आणि येण्याआधी रेडिओवर एक वाक्य म्हण. रेडिओवर घालून पाडून बोललास ना, मग रेडिओवरच मागे घे. मला पत्रात माफी नको, मी काय करू तिचं.

वेल्मा


२७ ऑगस्ट
कॅम्प

क्लेम,

तुझी चिठ्ठी मिळाली. सिडनीमामा गावातून घेऊन आला. "समजलं. हंसांची गणती संपली की येतो. तोवर आईला गावात ने." एवढंच. हंस काय पळून जाणार आहेत? आणि आईला गावात नेता आलं असतं तर मी तुला कशाला लिहिलं असतं? सिडनीमामाने तिला होडीत बस म्हणून पाया पडणं तेवढं बाकी ठेवलं. तिने त्याला चहा पाजला, माशांचा गठ्ठा दिला आणि वाटेला लावलं.

ती का येत नाही ते तुला आज सांगते. सांगणार नव्हते. पहिल्या पत्रात मी माशांचं लिहिलं, ते तीही सगळ्यांना सांगते. मासे कधीच वाळलेत. गोष्ट अशी की अभयारण्याची विमानं इथून, फाट्यावरून जातात, गावावरून जात नाहीत. घरघर ऐकू आली की हातातलं टाकून ती वाळूत जाऊन उभी राहते आणि ओढणी हलवते. विमान कुणाचंही असो. पंख जरासा कलला की दिवसभर खुशीत असते, "त्याने बघितलं" म्हणते. तू त्या विमानांत बसतोस तरी का? बसत नसशील तर मला सांगू नकोस.

माझ्या जिवाला चैन नाही. एक काम धरते, सोडते, दुसरं धरते. काल पिठात मीठ दोनदा घातलं. परवा रात्री तो खिडकीशी येऊन नुसता श्वास घेत उभा होता. काचेवर सकाळी ओल दिसली. आई झोपेतच त्याला काहीतरी सांगत होती.

आणि दुसरी एक गोष्ट. समोरच्या काठावर, वाळूच्या पट्ट्यात, एक ताडपत्री दिसली. वाटलं कुणी शिकारी असेल. मग लाकूड फोडायचा आवाज आला आणि मी ओळखलं. लेस्टर दोन घाव घालतो आणि थांबतो, दोन घालतो आणि थांबतो, लग्न झाल्यापासून ऐकतेय. तो गेलाच नव्हता. निघाला, आणि नदी ओलांडून तिथेच बसला. पावसात, शेकोटीसुद्धा दिवसाच करतो, आम्हाला दिसू नये म्हणून.

मी काठावरून ओरडून विचारलं, काय चाललंय हे. तिकडून ओरडला, "कॅम्पपासून लांब राहा म्हणून हुकूम आहे ना? मी लांब आहे."

हसावं की रडावं कळेना. मी होडी घालून पलीकडे गेले, बंदूक घेऊन. त्याने ती घेतली नाही. सुकट आणि चहा घेतला. दाढी वाढलीय, खोकतोय. मी भांडले, रडले, हात धरून ओढलं. म्हणाला, "त्याने रेडिओवर बोलावू दे. त्याच संध्याकाळी येतो." तुम्हा दोघांची नाकं कापून नदीत सोडावीत असं वाटलं मला.

तेव्हा ऐक. एक वाक्य. 'लेस्टर, कॅम्पवर परत जा.' 'माझं चुकलं' म्हणावंसं वाटलं तर म्हण, नाही वाटलं तर राहू दे. ठाण्यातल्या फोनवरून रेडिओवाल्यांना सांगायला कितीसा वेळ लागतो? तू यायचास तेव्हा ये, पण हे आजच्या आज कर. माणूस नदीच्या पलीकडे हात बांधून बसलाय, आणि अलीकडे माझी आई आहे.

हे पत्र टपालाच्या विमानाची वाट बघत गावात पडून राहू नये म्हणून उत्तरेकडे निघालेल्या एका होडीवाल्याच्या हाती देतेय. पोचल्या पोचल्या वाच.

वेल्मा


४ सप्टेंबर
केलात्ना

क्लेमंट,

लेस्टर गेला. तुला ठाण्यात कळलं असेल, पण माझ्याकडून कळायला हवं म्हणून लिहितेय.

परवा सकाळी मी फाट्याच्या खालच्या अंगाला जाळं काढत होते. आई आत होती. पलीकडून लेस्टरची आरोळी आली आणि वल्ह्याने नाव बडवल्याचा आवाज. मी वर बघितलं तर डोंगरावरचा तो अर्धा खिडकीतून आत गेलेला. मी धावत सुटले. चिखलात बूट रुतला तो तसाच सोडला. लांबूनच मला आईचा आवाज ऐकू येत होता. चुलीमागे बसून ती त्याच्याशी बोलत होती, शांतपणे, शेजाऱ्याशी बोलावं तशी. "मी म्हातारी बाई आहे रे बाबा. माझ्यात काही नाही. तुझं माझं वैर नाही. जा तू." बंदूक तिच्या डोक्यावर खुंटीला होती. तिने हात लावला नाही.

लेस्टर माझ्याआधी पोचला. एवढ्या ओढीत त्याने नाव कशी काढली देव जाणे. हातात फक्त वल्हं होतं. तो ओरडत, शिव्या देत चढ चढून आला, आणि खिडकीतला तो बाहेर निघून लेस्टरकडे वळला.

पुढचं मी लिहीत नाही. मी घरात शिरले, खुंटीवरची बंदूक काढली आणि झाडली. बाईने करू नये ते केलं. लागली की नाही माहीत नाही, तो झाडीत गेला. म्हाताऱ्या बायका आता मला काय म्हणतात ते म्हणोत.

होडीत लेस्टरचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इंजिन आई चालवत होती, त्या सुजलेल्या पायांनी उभी राहून. तो शुद्धीवर होता. मग म्हणाला, "वेल्मा, रेडिओवर काही आलं का?"

मी म्हटलं, "आलं."

"काय म्हणाला?"

"परत जा म्हणाला. चुकलं म्हणाला."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्या नदीने ऐकलं."

बरं, म्हणाला. गाव दिसायच्या आधीच संपलं.

तुमच्या अभयारण्याचं विमान त्याच दुपारी आलं. आई धक्क्यावरून हलली नव्हती. दार उघडलं आणि पिवळ्या केसांचा एक तरुण पोरगा उतरला, तर ती त्याच्या खांद्यावरून आत बघत राहिली. आत फक्त खोकी होती. पोरगा चांगला आहे, टोपी काढून उभा राहिला, पण पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "अस्वल कोणत्या दिशेला गेलं?" जमलेल्या सगळ्या बायकांनी माना फिरवल्या. तो बिचारा गोंधळून गेला. त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि मग काल संध्याकाळ. लेस्टरला सभागृहात ठेवलंय. सगळं गाव जमलं होतं, चहाच्या किटल्या, सुपाची पातेली, पोरं जमिनीवर. कोपऱ्यातला रेडिओ बंद करायचा राहिला होता. निरोप सुरू झाले. कुणाला तरी नातू झाला. आणि मग तोच गोड आवाज, "बर्च फाट्यावरच्या लेस्टरला. कॅम्पवर परत जा. माझं चुकलं, मी तुला भलताच समजलो. तिथे थांब, मी येतोय. क्लेमंट."

त्यानंतर लगेच निवेदकाने हवामान सांगायला घेतलं, उत्तरेकडे पहिलं बर्फ. कुणीही उठून रेडिओ बंद केला नाही. आईने लेस्टरच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "ऐकलंस ना?" मग मला रडू फुटलं. तोवर मी रडले नव्हते.

माझं पत्र तुला उशिरा मिळालं की मिळूनही तू उशीर केलास, हे मी विचारत नाही. विचारलं तर तू सांगशील, आणि मग मला ते आयुष्यभर माहीत राहील. काही जण माझ्या पाठीमागे म्हणतात की तिने पहिल्या पत्रात सरळ नाव लिहिलं असतं तर. म्हणू देत. मी पुन्हा लिहायला बसले तरी नाव लिहिणार नाही.

आता कामाचं. पुरायचा खड्डा बायकोच्या भावाने खणायचा असतो. नवऱ्याच्या रक्ताच्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही. तुला याची आठवण द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं, पण आता मी कशाचीच खात्री धरत नाही, म्हणून स्वच्छ लिहितेय. मला भाऊ एकच आहे. सिडनीमामा म्हणाला, क्लेम यायचा नाही, तो इथल्या लोकांना तोंड कसं दाखवेल, आम्ही चौघं मिळून खणून टाकतो. मी नाही म्हटलं. तो परत म्हणाला, बाई, किती दिवस थांबवणार. मी म्हटलं, थांबवीन.

मी तुला माफ केलेलं नाही. आई म्हणते तिने केलंय, तिचं ती बघेल. लोक तुझ्याशी बोलतील की नाही सांगता येत नाही. लेस्टरचे भाऊ धक्क्यावर उभे असतील. त्यांना मी सांगितलंय की त्याला वाट द्या. ते देतील, मान खाली घालून चालत ये.

हे पत्र त्या पिवळ्या केसांच्या पोराच्या हातात देतेय, तो आत्ता परत निघालाय. विमानात दुसरी जागा आहे, मी डोळ्यांनी बघितली. तो उद्या सकाळी पुन्हा इकडे येणार आहे.

टेकडीवर वरची माती मऊ आहे, कुदळीने निघते. खाली सगळं बाराही महिने गोठलेलं आहे. जाळ करायचा, वितळेल तेवढं खणायचं, पुन्हा जाळ करायचा. एकट्याने करायचं म्हणजे वेळ लागेल. लाकूड मी फोडून ठेवलंय.

वेल्मा